उजव्या बाजूची केबिन

अण्णा मेस्त्रींना शिवा म्हणून हाक मारणारं माणूस आता एकच उरलंय, आणि ते माणूस म्हणजे राजरत्न. बाकी डिलाईल रोडवरच्या त्यांच्या चाळीत तळमजल्यापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांचे ते अण्णा. कोणाच्या नळाचा वायसर गेला, अण्णा. गणपतीच्या मखराचा सांगाडा हलतोय, अण्णा. कोणाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तरी अण्णाच. जणू तेही दोन नट आवळले की जागेवर बसेल.

माझगावच्या एका गोदीत छत्तीस वर्षं ते फिटर होते. जहाजाच्या कडेला दोन लोखंडी हातांवर ज्या जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, त्या होड्यांच्या वायरी, हूक, कप्प्या आणि ब्रेक हे अण्णांचं खातं. "जहाज बुडू नये ते काम दुसऱ्या खात्याचं. बुडायला लागलं की होडी नीट खाली गेली पाहिजे, ते आपलं," असं ते सांगत. छत्तीस वर्षांत साठेक जहाजं त्यांनी इंच न् इंच तपासली, पण एकातूनही कुठे गेले नाहीत. जहाज दुरुस्त झालं की ते जायचं सिंगापूरला आणि अण्णा जायचे घरी, बसने.

दुर्गाबाई, म्हणजे अण्णांची बायको, देवगड तालुक्यातल्या कातळवाडीच्या. गाव समुद्रात पाय सोडून बसल्यासारखं. टोकाला काळ्या कातळावर भगवतीचं पांढरं देऊळ. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी चहा गाळताना दुर्गाबाईंच्या हातातून गाळणी पडली, आणि पाठोपाठ त्या. डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली. चाळीचं म्हणणं असं, की डाव्या बाजूचं सगळं बळ तिच्यातच गेलं. तेव्हापासून त्या खाटेवर, नाहीतर चाकाच्या खुर्चीत. खाटेवरून दिसायचं काय, तर समोरच्या चाळीची मागची भिंत आणि तिच्यावरचे सांडपाण्याचे पाइप.

गेल्या वर्षी अण्णांनी गाडी करून त्यांना गावी न्यायचं ठरवलं. पेण सुटलं आणि खड्डे लागले. दर खड्ड्याला दुर्गाबाई ओठ चावायच्या. कोलाडला अण्णांनी पाहिलं तर ओठातून रक्त येत होतं. गाडी तिथूनच वळवली. घरी खाटेवर ठेवल्यावर दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या, "गाव संपलो माझो."

अण्णांना ते वाक्य टोचत राहिलं. ते वाक्य काढण्यासाठी त्यांनी एक दिवस पर्यटनाच्या जहाजाची जाहिरात कापून आणली.

"हे बघ, मुंबई-गोवा-मुंबई. जाताना रात्र असते, ते सोडून दे. येताना गोवा सोडतं दुपारी बाराला. म्हणजे चारच्या सुमाराला देवगडसमोर, चांगल्या उजेडात. किनारा तेव्हा जहाजाच्या उजव्या अंगाला. उजव्या बाजूची खिडकीवाली केबिन घ्यायची. बिछाना खिडकीला लागून. तू आडवी पडून बघायचंस. खड्डा नाही, धक्का नाही."

दुर्गाबाई बराच वेळ पाइपांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देऊळ दिसात?"

"दुर्बीण घेऊ."

"दुर्बीण कशाक? पांढरो ठिपको दिसलो तरी पुरे."

झालं. अण्णा कामाला लागले. आता तिकीट काढायचं म्हणजे खिडकीवर जायचं, रांग लावायची, खिडकीतल्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या मोजायच्या, अशी अण्णांची समजूत. पण या कंपनीला खिडकीच नव्हती. होती ती वेबसाइट. मुलगा निलेश बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, मी इथून करतो ना."

"तुला जहाजातलं काय कळतं?" अण्णा म्हणाले.

हा अण्णांचा जुना ताठा. निलेशचा जुना, पडद्याला बोट लावून चालणारा लॅपटॉप त्यांनी शिवणयंत्राच्या झाकणावर मांडला, चष्मा पुसला आणि बसले.

पहिल्या दुपारी त्यांना नाव, पत्ता आणि आडनाव इतकंच जमलं. जन्मतारखेला गाडी अडली. तारीख टाइप करायला बंदी. एक छोटं कॅलेंडर उघडायचं आणि त्याला उलटा बाण. एक टिचकी मारली की एक महिना मागे. दुर्गाबाईंचा जन्म एकोणीसशे छप्पनचा. अण्णा टिचक्या मारत मागे निघाले. निलेशचं लग्न गेलं, गिरण्यांचा संप गेला, आणीबाणी गेली, त्यांचं स्वतःचं लग्न गेलं. आणि एकोणीसशे साठात, म्हणजे दुर्गाबाई चार वर्षांच्या असताना, पडद्यावर पाटी आली: बराच वेळ तुमची काही हालचाल नाही, सबब तुम्हाला बाहेर काढले आहे.

"हालचाल नाही?" अण्णा ओरडले. "बोट सुजलं माझं!"

"माका पण असांच बोलतत सगळे," खाटेवरून दुर्गाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं, की वरच्या सालावर बोट ठेवलं की सालांची यादी उघडते. हे ज्याने केलं त्याने ते कुठे लिहिलं नव्हतं. गोदीत असं असतं तर त्या माणसाला अण्णांनी वायरीला टांगला असता.

मग केबिनी आल्या. जहाजाचा नकाशा, मजल्यावार, निळ्या-पिवळ्या चौकोनांचा. नकाशा पाहून अण्णांना गोदीत परत आल्यासारखं झालं. इतक्यात कोपऱ्यातून एक चिठ्ठी उडून आली: 'आत्ता सात जण हीच केबिन पाहत आहेत!' अण्णांनी दचकून मागे पाहिलं. मागे दुर्गाबाईच होत्या.

खाली एक छोटा चौकोन होता: 'प्रवाशांपैकी कोणी चाकाची खुर्ची वापरतात का?' अण्णांनी इमानदारीत टिक मारली. सगळा नकाशा करडा झाला. 'क्षमस्व. उपलब्ध केबिन: शून्य.' त्यांनी टिक काढली. नकाशा पुन्हा निळा-पिवळा. उपलब्ध: एकशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मारली, शून्य. पुन्हा काढली, एकशे अठ्ठ्याऐंशी. दिव्याचं बटण खालीवर करणाऱ्या पोरासारखे ते कितीतरी वेळ तेच करत बसले. दुसऱ्या तारखा पाहिल्या, हंगामाच्या शेवटापर्यंत. जूनच्या आधी जहाज मुंबई सोडून जाणार होतं. प्रत्येक तारखेला तोच खेळ.

"काय झाला?"

"काही नाही. तू खुर्चीत असलीस तर जहाज भरलंय. चालत असलीस तर रिकामं आहे."

"मगे चालतंय मी," दुर्गाबाई म्हणाल्या. "लिवा."

अण्णांचा हात थबकला. त्याचं कारण चाळीत फक्त दोघांना ठाऊक होतं. गोदीत होडीच्या चाचणीचा एक फॉर्म असायचा: वायर पाहिली, हूक पाहिला, ब्रेक पाहिला. प्रत्येकापुढे चौकोन, खाली सही. तीस वर्षांपूर्वी एका शनिवारी घाई होती. फोरमन म्हणाला, "ब्रेक मी बघितलाय रे, मार टिक." अण्णांनी न बघता मारली. सोमवारी ब्रेक सरकला. होडी हातभरच खाली आली, पण त्या हातभरात मनू पेडणेकरचा पंजा होता. चार बोटं गेली. मनूच्या घरी वर्षभर दुर्गाबाईंच्या हातचा डबा जात होता. त्यानंतर अण्णांनी न पाहिलेल्या चौकोनात टिक मारली नाही, मग साहेब कितीही लालपिवळा होवो. बढती गेली, पण 'मेस्त्रीची टिक म्हणजे बघितलेलीच' असं गोदीत म्हणायचे.

हा काही चाचणीचा फॉर्म नव्हे, अण्णांनी स्वतःला समजावलं. आणि टिक मारायची कुठे होती? नुसती काढायची होती. त्यांनी ती काढली. वेबसाइटवर दुर्गाबाई चालायला लागल्या.

मनातली ही कसर भरून काढायला अण्णांनी केबिन मात्र खात्याच्या ज्ञानाने निवडली. नकाशावर होड्यांच्या जागा बारीक लंबगोलांनी दाखवल्या होत्या. उजव्या बाजूच्या तिसऱ्या होडीला अगदी खेटून असलेली केबिन त्यांनी धरली. वेळ आलीच तर बायकोला उचलून नेण्याचं अंतर चार पावलं. कंपनीने खुर्ची मोजली नाही तर नाही. फिटरने मोजली होती.

पैसे निलेशच्या कार्डातून जायचे होते. त्यासाठी सहा आकडे निलेशच्या फोनवर येणार, ते त्याने अण्णांना सांगायचे, आणि हे सगळं दहा मिनिटांत. निलेश मीटिंगमध्ये. पहिल्यांदा आकडे उशिरा आले. दुसऱ्यांदा वेळेवर आले, पण अण्णांनी गडबडीत सहाच्या जागी नऊ दाबला. तिसऱ्यांदा आकडे बरोबर होते, तर केबिन दारूच्या पॅकेजसकट झाली. ते पॅकेज काढायला पुन्हा पहिल्या पानापासून, कॅलेंडरसकट. चौथ्यांदा निलेश मीटिंगमधूनच मोठ्याने आकडे ओरडला, आणि बंगळुरूतल्या एका अख्ख्या कंपनीच्या साक्षीने दुर्गाबाईंची केबिन पक्की झाली.

अण्णा नकाशाची छापील प्रत घेऊन राजरत्नकडे परळला गेले. राजरत्न गोदीत पेंटर. दोघांचं निम्मं आयुष्य एकाच परातीत, म्हणजे जहाजाच्या बाजूला दोरांवर सोडतात त्या फळीवर गेलेलं.

राजरत्नने नकाशा बघितला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"शिवा, वहिनींना काय दाखवायला नेतोयस तू?"

"गाव."

"होडीचा बुडखा दाखवायला नेतोयस. गाढवा, ही माल वाहणारी जहाजं नाहीत, होड्या टपावर असायला. ह्यांच्या होड्या मधल्या मजल्याला टांगतात, केबिनींच्या पुढ्यात! खिडकी उघडलीस की नारंगी पोट. मीच रंगवलीत असली दोन."

अण्णांचा चेहरा उतरला. "पण लांब नको ना रे. तिला उचलून..."

"उचलून कुठे? खिडकीतून टाकणार होडीत? चढायची जागा खालच्या मजल्यावर. धोक्याचा भोंगा झाला की लिफ्ट बंद. जिन्यात आठशे माणसं. तू बहात्तर वर्षांचा, गुडघे तुझे असे." राजरत्न बोलता बोलता थांबला. "जाऊ दे रे. भोंगा कशाला होतोय. खिडकी तेवढी बदल."

छत्तीस वर्षांचा अनुभव अण्णांनी घडी करून खिशात घातला.

खिडकी बदलायला वेबसाइटवर 'बदल' नावाचं बटण होतं. ते दाबलं की एक हसरा डॉल्फिन यायचा आणि विचारायचा, 'मी तुमची कशी मदत करू?' अण्णांनी लिहिलं, 'केबिन बदलून हवी.' डॉल्फिनने जहाजावरच्या जादूच्या प्रयोगांची वेळ सांगितली. अण्णांनी लिहिलं, 'माणूस द्या.' डॉल्फिन म्हणाला, 'लहान मुलांना तिकीट अर्धं.' त्यानंतर अण्णांनी मालवणीत जे लिहिलं ते डॉल्फिनला कळलं नसावं, कारण त्याने पाच तारे मागितले.

पाच दिवस फोन लावल्यावर माणूस मिळालं. प्रिती नावाची मुलगी, गोड आवाजाची आणि, अण्णांचं नशीब, मराठी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांत केबिन बदलली. उजवीच बाजू, एक मजला वर, मोकळी खिडकी.

"समोर काही टांगलेलं नाही ना, बाळा?"

"नाही काका, फक्त समुद्र." मग ती फॉर्म वाचायला लागली. "काकींना खुर्ची वगैरे लागत नाही ना?"

अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका?"

"खुर्चीवाल्या खोल्या किती असतात गं तुमच्याकडे?"

"दोन. हंगामभर भरल्यात. पुढच्या वर्षीसाठी नाव लावता येईल." मग तिने आवाज खाली आणला. "इथे 'नाही' लिहिलेलं आहे, काका. मी तेच वाचते."

"वाच," अण्णा म्हणाले. पोरगी चांगली होती. तिचं वाईट वाटत राहिलं.

पण केबिन झाली. ते पंधरा दिवस खाटेवर वेगळंच वारं होतं. दुर्गाबाईंनी शेजारच्या राधाबाईंकडून निळी साडी इस्त्री करून घेतली. चाळीच्या गणपती मंडळाच्या चार जणांनी खुर्चीसकट तीन माळे खाली उतरवायचं कबूल केलं. दुर्गाबाई येईल त्याला सांगायच्या, "चार वाजता आमचो गाव येतलो," जणू गावच बोटीने त्यांना भेटायला निघालं होतं.

निघायच्या तीन दिवस आधी घरूनच हजेरी लावायची होती, तीही वेबसाइटवर. अण्णांना आता ती पानं पाठ होती. फोटो झाले, ओळखपत्रं झाली. शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं, आणि त्यापुढे 'होय', 'नाही' असे दोन चौकोन.

'तातडीच्या वेळी माझ्या केबिनमधील सर्व प्रवासी कोणाच्याही मदतीशिवाय जिन्याने जमण्याच्या जागी पोहोचू शकतात, असे मी जाहीर करतो.' खाली सही, बोटाने करायची.

दुपारचे तीन वाजले होते. अण्णांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"मगे? होय करा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"हे खोटं आहे, दुर्गा."

"आधीचा खरा होता?"

"आधी नुसतं सोडून दिलं होतं. इथे सही आहे. भोंगा झाला तर ते लोक हा कागद बघणार. ह्या केबिनकडे कोणी येणारच नाही. मी तुला जिन्यावरून..." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आणि मागे माणसं असतील. पोरं असतील. आपण जिना अडवून बसलेले."

"भोंगो होवचो नाय."

"ब्रेक सरकणार नाही, असंच म्हणाला होता फोरमन."

मनूचं नाव कोणी घेतलं नाही. दुर्गाबाई उजव्या हातावर भार देऊन जरा उठल्या. इतक्या त्या दोन महिन्यांत उठल्या नव्हत्या.

"अहो, माझा ऐका. बुडलंय तर बुडलंय. बघून बुडेन. हय रोज बुडतंय ता कोणाक दिसता? जीव माझो आसा ना? मगे सही माझी. आणा हय, माझा बोट लावा."

अण्णांनी लॅपटॉप उचलला. खाटेपर्यंत नेला. तिचं बोट हातात धरलं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं: चार मिनिटं, तीन मिनिटं पन्नास. ते बोट त्यांनी तसंच धरून ठेवलं. मग खाली ठेवलं, आणि स्वतःच्या बोटाने 'नाही'वर टिक मारली. सही केली. एस. मेस्त्री, गोदीत करायचे तशी, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून.

एवढे दिवस अडखळणारी वेबसाइट त्या क्षणी लोण्यासारखी चालली. 'प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल धन्यवाद. तुमची सुरक्षितता आमच्यासाठी मोलाची आहे.' दुसऱ्या दिवशी पत्र आलं: या सफरीत आपल्याला सामावून घेता येत नाही, क्षमस्व. पत्राच्या माथ्यावर तो डॉल्फिन हसत होता.

दुर्गाबाईंनी आदळआपट केली नाही. ती केली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं. निळी साडी राधाबाईंनी घडी करून कपाटात ठेवली. मंडळाच्या पोरांना अण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं, प्रकृतीचं कारण सांगितलं. निलेश फोनवर चिडला. "बाबा, सगळे 'होय'च मारतात! कोणी वाचतसुद्धा नाही ते."

"वाचत नसतील," अण्णा म्हणाले. "मी वाचलं."

शुक्रवारी जहाज गेलं. रविवारी दुपारी चारला अण्णा मुद्दाम नाक्यावर जाऊन उभे राहिले. घरात राहवलं नाही. सोमवारी सकाळी राजरत्न धक्क्यावर चक्कर मारून, भायखळ्याहून वहिनींसाठी केळी घेऊन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग दुर्गाबाईंनी खाटेवरून विचारलं,

"भावजी, ती बोट इली परत?"

राजरत्नने अण्णांकडे पाहिलं. अण्णा केळी टांगायला खुंटी शोधत होते. "आली वहिनी. सकाळीच. धक्क्यावर दिसली मला."

"माणसां सगळी सुखरूप?"

"अगदी. फोटो काढत उतरत होती."

"भोंगो झालेलो?"

"छे हो. भोंगा कसला."

"होडी सोडूची लागली नाय मां खंयची?"

"नाही," राजरत्न म्हणाला, आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो उठून गॅलरीत गेला.

"ताच विचारी होतंय," दुर्गाबाई म्हणाल्या.

अण्णांनी केळी टेबलावरच ठेवली. दर दोन तासांनी दुर्गाबाईंची कूस बदलायची असते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. ती वेळ झाली होती. अण्णा वाकले, एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. एरवी अशा वेळी दुर्गाबाई आपला चांगला हात त्यांच्या मानेत टाकायच्या. त्याने ओझं निम्मं व्हायचं.

आज त्यांनी तो टाकला नाही. अण्णा थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी एकट्यानेच त्यांना उचललं आणि कूस वळवली.